पाच वाजताची तोफ आणि माझा लाडवांचा डबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी आपल्या पुरवणीत अधूनमधून सूचना येतात. लोणच्याची बरणी कशी बांधावी, विमा कसा काढावा, विमानतळावर व्हीलचेअर कशी मागावी. मी त्यांची कात्रणं काढून पर्समध्ये ठेवली होती आणि उपयोगही झाला. लोणचं सांडलं नाही. सांडले ते बेसनाचे लाडू, आणि तेही अमेरिकेचा झेंडा खाली उतरत असताना. त्याबद्दल कुठल्याच कात्रणात ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापावं, फक्त तोफेचा भाग ठेवावा.

मी मिरजेची. ३१ वर्षं पी.टी. शिकवली. हजारो मुलांना सावधान-विश्राम करायला लावलं, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची शाळेची सगळी तयारी माझ्याकडे. गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत गेले. मुलगा संगणकातला, घरूनच काम करतो. सूनबाई तिथल्या सैन्यात नर्स, कॅप्टनच्या हुद्द्यावर. तिचं माहेर मूळचं मेहसाण्याकडचं, पण जन्म तिकडचाच. त्यामुळे त्यांचं बिऱ्हाड टेक्सासमधल्या एका लष्करी तळावर, कुंपणाच्या आत. तळाचं नाव लिहीत नाही, तिला तिथे नोकरी करायची आहे. आत राहायचं म्हणून माझे कागद तिने आधीच पाठवून ठेवले होते, परदेशी माणसाची चौकशी जरा जास्तच. पास मिळाला तो कायम गळ्यात.

पहिले चार दिवस झोपेचं गणित बिघडलेलं. सकाळी साडेसहाला कुठूनतरी बिगुल ऐकू यायचं, संध्याकाळी पाचला पुन्हा. सोबत धाड् असा आवाज. लष्कराचा तळ म्हटल्यावर असले आवाज यायचेच, असं मी धरून चालले. पूर्वी इचलकरंजीला पाहुण्यांकडे गेलं की गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यातलाच प्रकार. घरातच होते त्यामुळे सूनबाईलाही सांगायचं सुचलं नाही.

पाचव्या दिवशी शेजारणीकडे निघाले. तिने आल्या दिवशी केक आणून दिला होता, तर रिकामा डबा कसा परत करायचा म्हणून स्टीलच्या डब्यात डझनभर लाडू भरले. डबा बाबागाडीच्या मागच्या दांड्यावर एका हाताने धरलेला, गाडीत चार वर्षांचा नातू, दुसऱ्या हातात फोन. फोनवर बहीण, व्हिडिओ कॉल. तिला मी रस्ते दाखवत होते, बघ किती स्वच्छ, बघ एक कागद नाही.

तेवढ्यात खांबावरच्या कर्ण्यातून बिगुल सुरू झालं. मी चालतेच आहे. समोरून येणारी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मला वाटलं बंद पडली. गाडीतून गणवेशातला एक मुलगा उतरला, दार उघडंच ठेवून ताठ उभा राहिला. पलीकडच्या हिरवळीवर एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तीही थांबली. पळायच्या कपड्यातले दोघे पळता पळता थांबले. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तिकडे बघायला जावं तर नुसती झाडं आणि छपरं. मी बहिणीला मोठ्यांदा म्हणाले, "अगं, इथे काहीतरी झालंय!"

आणि तोफ उडाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी भर रस्त्यात खाली बसले. नातवाची गाडी मिठीत धरली आणि डबा सुटला. स्टीलचा डबा डांबरावर पडला की कसा वाजतो ते आपल्या वाचकांना सांगायला नको. लाडू चारी दिशांना. झाकण मात्र काठावर उभं राहिलं आणि गाडीच्या चाकासारखं गरगरत उतारावरून निघालं. तोवर कर्ण्यातून दुसरी धून सुरू झालेली, त्या मुलाचा हात सलामीत वर गेलेला. झाकण त्याच्या बुटाला जाऊन थडकलं, तिथेच तीन-चार गिरक्या घेऊन झणझणत आडवं झालं. त्याने खाली पाहिलं नाही. डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. मी ३१ वर्षं मुलांना सांगत आले होते की सावधानमध्ये नाकावर माशी बसली तरी हात हलता कामा नये. एकानेही ऐकलं नव्हतं. ते त्या दिवशी प्रत्यक्ष बघायला मिळालं, आणि माशी मीच.

संगीत थांबलं, हात खाली आला. मी मनात इंग्रजी जुळवत होते, सॉरी सर, आय ॲम इंडियन. त्याने झाकण उचललं, पँटीला पुसलं आणि माझ्याकडे आला. आधी नातवाकडे वाकून बघितलं, मग मला हात देऊन उठवलं. "मॅम, यू ओके?" एवढंच. रागावला नाही. मग अगदी हळू बोलून समजावलं की झेंडा उतरवायची वेळ आहे, रोज पाचला होतं, उद्या फक्त थांबा. डब्याच्या तळाशी दोन लाडू शाबूत होते. घेऊ की नको करत त्याने एक घेतला. खाल्ला की पुढे जाऊन टाकला, ते मला माहीत नाही.

फोन रस्त्यावर पडूनही चालूच होता. त्यातून बहिणीचा आवाज येत होता, "अगं, आहेस का तू?"

त्या रात्री सूनबाईने मला समोर बसवून शिकवलं. पोरीने हसू दाबायचा प्रयत्न तरी केला. तर प्रकार असा. संध्याकाळी दोन धुना वाजतात. पहिली 'रिट्रीट', दिवसाचं काम संपलं सांगणारी. ती ऐकली की घराबाहेर असलेल्या प्रत्येकाने झेंड्याकडे तोंड करून सावधान. झेंडा दिसत नसेल तर आवाज येतो त्या दिशेला. पहिल्या धुनेचा शेवटचा सूर संपला की तोफ, नुसत्या दारूची, गोळा नसतो (हे मला आधी कळायला हवं होतं). लगेच दुसरी धून, 'टू द कलर', आणि तिच्यावर झेंडा खाली. या दुसऱ्या धुनेला गणवेशवाल्यांची सलामी, साध्या कपड्यातल्या अमेरिकनांचा उजवा हात छातीवर. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटांचं काम. सकाळचं बिगुल म्हणजे 'रेव्हली'. तेव्हा झेंडा भराभर वर जातो आणि संध्याकाळी सावकाश खाली येतो. हे ऐकल्यावर मी खुर्चीत सरळ झाले. आपल्या ध्वजसंहितेतही हेच आहे: झेंडा झटकन चढवावा, उतरवताना हळूहळू आणि सन्मानाने. दोरी ओढणाऱ्या मुलांना मी दरवर्षी हे घोकून घ्यायची.

गाडी चालवत असाल तर तिच्या तळावर गाडी थांबवून खाली उतरायची पद्धत. हवाई दलाच्या तळांवर गाडी थांबवतात, पण आतच गप्प बसून राहतात. नौदलाचा झेंडा सकाळी आठला चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो, त्याआधी पाच मिनिटं इशारा मिळतो. घरात, दुकानात, कचेरीत असाल तर काही करायचं नाही. हे शेवटचं सांगताना सूनबाई डोळे मिचकावत म्हणाली, "म्हणून आई, पाचला एक मिनिट कमी असताना दाराशी गर्दी असते. कुणी बाहेर पडत नाही." पुढे मी हे स्वतः पाहिलं. बिगुलाचा पहिला सूर आला आणि बाहेर पाऊल टाकलेले दोन जवान चपळाईने परत आत घुसले. प्रार्थनेच्या वेळी नववी 'ब'ची पोरं मुतारीत जाऊन बसायची, त्यांची आठवण झाली. मला तर बरंच वाटलं. इतका वेळ सगळेच फार शहाणे दिसत होते.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. मी काय करायचं? मी भारताची नागरिक. त्यांच्या झेंड्यासमोर छातीवर हात ठेवायचा का? सूनबाईने फोनवर त्यांचा कायदा काढून दाखवला. त्यांच्या झेंड्याचे नियम १९४२ साली कायद्यात आले. त्यात झेंडा चढताना, उतरताना किंवा संचलनात समोरून जाताना कुणी काय करावं हे सांगून झाल्यावर वेगळं वाक्य आहे: इतर देशांच्या नागरिकांनी सावधान उभं राहावं. बस. हात छातीवर नाही, सलामी नाही, तोंडाने काही म्हणायचं नाही. ज्याने कुणी हे वाक्य घातलं त्याला पाहुण्याची अडचण कळली होती. पुरुषांनी टोपी काढून डाव्या खांद्याशी धरावी असंही त्यांच्या नागरिकांसाठी आहे. ते वाचून मला आमच्या यांची आठवण झाली. सासरे गेल्यावर त्यांची गांधी टोपी यांनी घेतली, आणि देवळात काय, ध्वजवंदनाला काय, आधी टोपी डोक्यावर. आपल्याकडे उघड्या डोक्याने जाणं कमीपणाचं, तिकडे डोकं उघडं करणं मानाचं. आणखी एक गंमत वाचली. त्यांची मुलं शाळेत प्रतिज्ञा म्हणताना पूर्वी उजवा हात झेंड्याकडे लांब करायची. पुढे तो हात हिटलरच्या लोकांसारखा दिसायला लागला, तेव्हा १९४२च्या डिसेंबरात तो छातीवर आणला. म्हणजे छातीवरचा हातही काही आभाळातून पडलेला नाही.

हे सगळं चालू असताना मला एकदम बेळगाव आठवलं. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, सेंटरला. मी आठ-नऊ वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीला गेलेली. संध्याकाळी मामा मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून कॅम्पातून आणत होते. अंगात लेंगा आणि बनियन, रजेवरचा माणूस. लांबून बिगुल आलं. मामांनी करकचून ब्रेक दाबला, मला उतरवलं, सायकल स्टँडला लावली, माझे दोन्ही खांदे धरून मला आवाजाच्या दिशेने फिरवलं आणि स्वतः शेजारी ताठ उभे राहिले. मला कोपरखळी मारून "हात खाली" म्हणाले. समोर झेंडा नव्हताच, एक भिंत होती आणि तिच्यावर मांजर. पुढे जन्मभर कवायत शिकवली पण ही गोष्ट डोक्यातून साफ गेली होती. टेक्सासात डबा पडला तेव्हा परत आली.

दुसऱ्या दिवसापासून पावणेपाचला मी मुद्दाम बाहेर पडायची. नातू आणि मी अंगणासमोर उभे. हात मुठी करून बाजूला, अंगठे शिवणीवर, टाचा जुळलेल्या. एकदा मुलाने अंगणातून आमचा फोटो काढला (दरवाजाचे, पहारेकऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, तेवढं लक्षात ठेवावं). मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला.

आणि त्यावर माझ्या भाच्याने लिहिलं, "आत्या, दुसऱ्याच्या झेंड्याला सलाम? कमाल आहे." खाली चार जणांचे अंगठे. एकाने लिहिलं, मुलगा तिकडे गेला की आईपण जाते.

ग्रुपवर भांडायचं नाही असं मी करोनाच्या वेळी ठरवलंय, म्हणून तेव्हा गप्प बसले. इथे उत्तर देते. सलाम केला नाही, उभी राहिले. पी.टी.त हे दोन वेगळे हुकूम आहेत आणि भाच्याला ते मीच शिकवले होते. आणि उभं राहण्याचं म्हणाल तर, आपण कुणाकडे गेलो आणि त्यांच्याकडे आरती सुरू झाली तर काय करतो? तो देव आपला असो-नसो, चप्पल काढून उभे राहतो. टाळ्या वाजवायच्या की नाही, तबकात पैसे टाकायचे की नाही, ते ज्याचं त्याने बघावं. पण पाय पसरून फोनवर बोलत बसत नाही. वानखेडेवर सामन्याआधी दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात. आपलं वाजताना समोरचा संघ च्युइंगम चघळत पाठ करून उभा राहिला तर हाच भाचा टीव्हीसमोर काय बोलेल ते मला पाठ आहे.

तळावरच्या थिएटरमध्येही सिनेमाआधी त्यांचं राष्ट्रगीत झालं. पॉपकॉर्नचे डबे खुर्चीवर ठेवून सगळे उभे. आपल्याकडे यावर केवढं रामायण झालं. २०१६च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सक्ती केली, २०१८च्या जानेवारीत ती मागे घेतली. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणी शेजारचा उठला की नाही ते वळून बघत नव्हतं. मी मात्र बघितलं, सवय.

आता आपल्या घरचं. २००२ साली २६ जानेवारीपासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, तेव्हा तिची प्रत मुख्याध्यापकांनी "बाई, हे तुमचं" म्हणून माझ्या टेबलावर ठेवली. शाळेने चौकोनाच्या तीन बाजूंनी उभं राहायचं, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ, मुख्याध्यापक आणि झेंडा फडकवणारे पाहुणे खांबाच्या तीन पावलं मागे. ती तीन पावलं मी चुन्याने आखायची. पाहुण्यांपैकी कितीजण त्या रेघेवर उभे राहिले, हे विचारू नका. संहितेत स्पष्ट आहे की झेंडा चढताना, उतरताना हजर असलेल्या सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. सगळ्यांनी, म्हणजे फक्त रांगेतल्या पोरांनी नव्हे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक पाहुणे दोरी ओढून होताच फोटोवाल्याकडे वळले आणि राष्ट्रगीत पूर्ण होईपर्यंत झेंड्याकडे पाठ करून हसत राहिले. मी शिट्टी तोंडापर्यंत नेली होती. वाजवली नाही याचं अजून वाईट वाटतं. आणि उतरवणं? चढवायला बँड, जिलेबी, भाषणं. संध्याकाळी उतरवायला शिपाईमामा आणि मी, दोघंच. शाळेला लागून रस्ता, गाड्या हॉर्न वाजवत जायच्या. त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, जसं मला टेक्साससाठी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आपल्या पुरवणीत लोणच्याच्या बरणीखाली पुढचं छापावं ही विनंती. मुलं-सुना परदेशात लष्करी तळावर राहत असतील तर पहिल्याच दिवशी विचारा, झेंडा किती वाजता चढतो आणि किती वाजता उतरतो. वेळ तळागणिक वेगळी असते. बिगुल किंवा राष्ट्रगीत सुरू झालं की जिथे असाल तिथे थांबा. बोलणं बंद, फोन खाली, चघळणं बंद. झेंड्याकडे नाहीतर आवाजाकडे तोंड, हात बाजूला. लोक काय करतात ते बघून त्यांची नक्कल करू नका, सलामी तर मुळीच ठोकू नका, ती गणवेशवाल्यांची. गुडघे दुखत असतील, हातात मूल असेल तर जमेल तसं थांबा, कुणी मोजायला येत नाही. लोक हलायला लागले की आपण हलावं. चुकलात तर रांगेत उभं करून छडी मिळत नाही, हे स्वानुभवाने सांगते. पण तोफ असते का हे जरूर विचारून ठेवा. आणि डबा दोन्ही हातांनी धरा.

शेजारणीला तिचे लाडू चार दिवसांनी पोचले, नवीन करून. झाकणाला पोचा आलाय, ते आता नीट बसत नाही. बदलून आणायचा विचार नाही.

पत्राखाली नाव छापू नये, सूनबाईची नोकरी आहे. भाच्याला काय, नाव नसलं तरी कळेल. तो तुमचाच पेपर घेतो.

आपली,
एक निवृत्त पी.टी. शिक्षिका, मिरज